बाळ साडेचार महिन्यांचं, निवड चाचणी दोन महिन्यांवर

प्रश्न : ताई, मी कबड्डीच्या जोरावर रेल्वेत खेळाडू कोट्यातून लागले. उजवा कोपरा खेळते, म्हणजे बचावात उजव्या टोकाला. मुलगी साडेचार महिन्यांची आहे, सिझेरियन झालं. प्रसूती रजा पुढच्या महिन्यात संपते आणि त्यानंतर महिनाभरात संघाची निवड चाचणी आहे. घरीच दोरीवरच्या उड्या सुरू केल्या, पण आठ-दहा उड्या झाल्या की लघवीचे थेंब येतात. प्रशिक्षक पुरुष आहेत, सांगणार कुणाला? सासूबाई म्हणतात, घामाचं दूध बाळाला पाजू नकोस, आणि नोकरी मिळाली आता, खेळायचं कशाला? नवरा म्हणतो, "तू खेळ, माझी ना नाही." पण बाळ रडलं की ते माझ्याच हातात येतं. वजन ७८ किलो झालंय. चाचणीला जाऊ का?
– एक कोपरारक्षक, सोलापूर

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू मध्येच एका ओळीत उरकली आहेस. आधी त्या थेंबांबद्दल बोलू.

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या ज्या मुली आई झाल्यात, त्यांच्यापैकी अनेकींना हा त्रास झाला. त्या पॅड लावून खेळत राहिल्या, पाणी कमी प्यायल्या, पण बोलल्या नाहीत. यात लाजण्यासारखं काहीही नाही. गर्भाशय, मूत्राशय, आतडी यांचा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर असतो. नऊ महिने ते ताणलेले असतात. सिझेरियन झालं म्हणून ते त्या ताणातून सुटत नाहीत. तू उडी मारतेस तेव्हा त्यांच्यावर एकदम दाब येतो आणि ते अजून तो पेलू शकत नाहीत. त्यामुळे दोरी आजपासून बंद.

त्याऐवजी हे कर. वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखायची आहे असं समजून ते स्नायू आत आणि वर ओढ, श्वास चालू ठेव, आठ-दहा सेकंद धर आणि मग पूर्ण सोड. सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे, खेळाडू मुली नेमक्या तिथे घाई करतात. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. आणि स्त्रियांच्या या तक्रारींवर काम करणाऱ्या फिजिओकडून एकदा तपासून घे. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाच विचार, त्या नाव सुचवतील. प्रशिक्षकांना सगळं सांगायची गरज नाही, "डॉक्टरांनी अजून उड्या आणि धडक मना केली आहे" एवढं पुरे.

पोटही तपासून घे. पाठीवर झोप, गुडघे वाकव, डोकं किंचित उचल आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं ठेव. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली किंवा पोट मधून तंबूसारखं वर आलं, तर सिट-अप्स नकोत. आधी फिजिओला दाखव. टाके बाहेरून भरले म्हणजे आतले थर भरले असं नसतं. तू कोपरा खेळतेस. घोटा पकडायला झेप घेतलीस की पोटावर पडणार, आणि चढाई करणारी तुला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेणार. त्या फरफटीला पोट तयार आहे का, हे मला तुझ्या वजनापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता धावण्याचं. बाळंतपणानंतर निदान १२ आठवडे धावू नये असं या विषयातले फिजिओ सांगतात. ते तुझे उलटून गेलेत, पण नुसते आठवडे मोजून चालत नाही. अर्धा तास झपाझप चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा बैठका, जागच्या जागी मिनिटभर धावणं आणि शेवटी एका पायावर दहा उड्या, हे सगळं दोन्ही पायांनी करताना थेंब नाही, खाली जडपणा नाही, दुखणं नाही, असं झालं की धावायला सुरुवात. तीही एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल अशी. मॅटवर त्यानंतर, आणि मॅटवर आधी फक्त पदन्यास. ब्लॉक (चढाई करणारीची वाट अडवणं), डॅश (तिला धडक देऊन बाहेर ढकलणं), घोट्याची पकड सगळ्यात शेवटी.

म्हणून माझं स्पष्ट मत : या चाचणीला जाऊ नकोस. तुला वाईट वाटेल, मला कळतं. पण दीपिका पल्लीकल जुळ्यांच्या जन्मानंतर सहाच महिन्यांत, एप्रिल २०२२ मध्ये ग्लासगोला दुहेरी स्क्वॉशची दोन जागतिक विजेतेपदं जिंकली, हे उदाहरण तुला कुणीतरी नक्की देईल. स्क्वॉशमध्ये कुणी तुझा घोटा ओढत नाही. सानिया मिर्झाला मुलगा झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये, आणि ती स्पर्धेत उतरली जानेवारी २०२० मध्ये, होबार्टला. पहिल्याच स्पर्धेत नादिया किचेनोकबरोबर दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. मधलं सव्वा वर्ष कुणी वाया गेलं म्हणत नाही.

ही चाचणी सोडताना तोंडी बोलून मोकळी होऊ नकोस. क्रीडा विभागाला लेखी अर्ज दे : प्रसूतीनंतर वैद्यकीय सल्ल्याने या चाचणीत भाग घेऊ शकत नाही, पुढच्या चाचणीसाठी उपलब्ध आहे. सोबत डॉक्टरांचं पत्र जोड आणि पोच घे. टेनिसमध्ये आई झालेल्या खेळाडूला जुनी क्रमवारी काही स्पर्धांसाठी वापरता येते, तसा लेखी नियम आहे. तुझ्याकडे निदान अर्जाची पोच तरी असू दे. रजेचंही बघ. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना प्रसूती रजेशिवाय पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते, रेल्वेतही ती आहे. मंजुरी लागते, म्हणून आत्ताच कार्यालयात विचारून ठेव.

दुधाबद्दल सासूबाईंची भीती मी घालवू शकते. व्यायामाने दूध बिघडत नाही, बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही. सरावाआधी पाज म्हणजे छाती हलकी राहते, आल्यावर घाम पुसून पुन्हा पाज. काढलेलं दूध स्वच्छ डब्यात फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत राहतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते बाहेर मात्र ठेवू नका. आणि वजनासाठी उपाशी राहू नकोस. वरिष्ठ महिला गटाची मर्यादा ७५ किलोची आहे म्हणून तुला घाई झालीय, पण अंगावर पाजताना शरीराला रोज साधारण ५०० कॅलरी जास्तच लागतात. डिंकाचे लाडू आवडत असतील तर खा, पण जेवणात अंडी, डाळी, दही, मटकी रोज हवंच. रक्तातलं लोह तपासून घे. तीन किलो आपोआप उतरतील.

राहिला घराचा प्रश्न. नवऱ्याची ना नाही हे चांगलंच आहे, पण त्याने बाळ झोपत नाही. मेरी कोमने २००७ मध्ये जुळ्यांना जन्म दिला आणि २००८ मध्ये चीनमधल्या निंगबोला चौथं जागतिक विजेतेपद मिळवलं. आपण तिच्या जिद्दीचं कौतुक करतो, ते योग्यच आहे, पण तेव्हा मुलांना तिचा नवरा ओनलर सांभाळत होता. तुझ्या नवऱ्याकडून नक्की वेळ मागून घे : सकाळी साडेपाच ते साडेसात बाळ त्याचं. दुपटी बदलणं, झोपवणं सगळं त्याच्याकडे, आणि त्या वेळात तुला फोन करायचा नाही. पहिले काही दिवस बाळ रडेल, तोही गोंधळेल. तू मध्ये पडू नकोस.

माझ्या मुलाला माझ्या थोरल्या जाऊबाई सांभाळायच्या. त्यांच्याशी मी सरळ बोलले होते : सकाळी बाळ तुमच्याकडे, संध्याकाळचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे. त्या कधी माझ्या सामन्याला आल्या नाहीत, पण ठरलेली वेळ त्यांनी एकदाही मोडली नाही. सासूबाईंशीही असंच बोल. त्यांच्याकडून कौतुकाची अपेक्षा करू नकोस, त्यांना कोणतं काम जमेल ते विचार. त्यांचंही वय झालंय, दिवसभर तान्हं बाळ सांभाळणं सोपं नसतं. आणि नोकरी मिळाली ती खेळामुळेच, हे त्यांना तू नाही, नवऱ्याने सांगायचं.

फिजिओने काय तपासलं आणि काय सांगितलं ते मला कळव. पकडीच्या सरावाचा तक्ता मी त्यानंतर पाठवीन, त्याआधी मागू नकोस.