म्युनिकला उतरता म्हणून जर्मनीचा व्हिसा नका करू, आधी मुक्कामाच्या रात्री मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि 2023 चा मे महिना आठवला. तुम्ही लिहिलंय की आईबाबांना घेऊन जर्मनीच्या सीमेवरच्या पासाऊहून सात रात्रींची डॅन्यूब क्रूझ करताय, विमान म्युनिकला उतरतंय, म्हणून जर्मनीकडे अर्ज करताय. जरा थांबा. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज करायचा तो जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. मुक्काम सारखे निघाले तरच पहिल्या प्रवेशाचा देश. आमचे म्युनिकमध्ये दोन मुक्काम होते. जहाजावरच्या सातांपैकी चार रात्री ऑस्ट्रियात, दोन हंगेरीत बुडापेस्टला, एक स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला. म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडेच जायला हवा होता. जहाज पासाऊहून सुटतं आणि पासाऊलाच परत येतं, त्यामुळे ही सहल जर्मनीची वाटते, पण पासाऊ सोडलं की थोड्याच वेळात ऑस्ट्रिया लागतो.

अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात मी हे दोनदा विचारलं. खिडकीवरच्या माणसाने कार्यक्रमाचा कागद उलगडूनही पाहिला नाही. "पहिलं लँडिंग जिथे, तिथलाच अर्ज," एवढं बोलून पुढचा टोकन नंबर पुकारला. बारा दिवसांनी पासपोर्ट परत आले, आमचा अर्ज त्यांच्या अखत्यारीत नाही म्हणून. व्हिसाची फी मिळाली, केंद्राचं सेवाशुल्क गेलं. ऑस्ट्रियाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जूनचं जहाज सुटून गेलं आणि तारीख बदलायला दोन माणसांच्या भाड्याएवढा दंड बसला.

पैशांपेक्षा दुसरंच जास्त लागलं. सासरे इतिहासाचे शिक्षक. ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठी असलेला ड्युर्नस्टाइनचा किल्ला चढून बघायचा, हे त्यांनी वर्षभर मनात धरलं होतं. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना 1192 मध्ये पकडला गेला आणि ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डने त्याला तिथे कोंडलं. जूनमध्ये ते चढले असते. सप्टेंबरपर्यंत गुडघा इतका बिघडला की ते खाली गावातच, मठाच्या निळ्या मनोऱ्याजवळ बसून राहिले. त्या खिडकीवरच्या माणसाने दोन मिनिटं कागद वाचला असता तर हे टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

तुमचे बाबा चढणार असतील तर पहिल्याच दिवशी जहाजावर सांगून ठेवा. वाट दगडी आणि उभी आहे, आणि ड्युर्नस्टाइनला थांबा फार थोडा देतात. मेल्कचा मठ मात्र अजिबात गडबडीत उरकू नका. 1089 पासून तिथे बेनेडिक्टाइन साधू आहेत, आताची पिवळी बरोक इमारत 1702 ते 1736 मध्ये उभी राहिली. आमच्या गटाने दुकानात अर्धा तास घालवला आणि पाउल ट्रोगरने रंगवलेल्या छताखालच्या ग्रंथालयात दहा मिनिटं. माझ्या मते हे उलट व्हायला हवं. ग्रंथालयात शिरण्याआधी गच्चीवरून डॅन्यूब दिसते, तिथे आईबाबांना निवांत उभं राहू द्या.

मेल्क आणि ड्युर्नस्टाइन ज्यात येतात त्या वाखाऊ खोऱ्याच्या या पट्ट्यात धरण नाही, म्हणून नदी इतकी सुंदर दिसते, आणि म्हणूनच पाणी उतरलं की जहाज अडतं. तेव्हा बसने नेतात. बुकिंग करताना याबद्दल विचारा. जर्दाळू हवे असतील तर जुलै, सप्टेंबरमध्ये आम्हाला द्राक्षंच दिसली. धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून लावतात आणि खिडकीतून शेजारच्याची खिडकीच दिसते, त्यामुळे महागड्या बाल्कनीवर फार खर्च करू नये असं माझं मत. बुडापेस्टसाठी थोडे फोरिंट, म्हणजे हंगेरीचं चलन, ठेवा. आणि पुढे सर्बियात बेलग्रेडपर्यंत जाणारं जहाज असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर पडता, मग मल्टिपल एंट्रीच, म्हणजे पुन्हा आत येता येईल असाच व्हिसा, मागा.

मी एजंट नाही, हा एका घराचा अनुभव आहे. नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेवढा वेळ हाताशी ठेवा. जहाजाचा दिवसवार कार्यक्रम आणि म्युनिकचे मुक्काम इथे टाका, मी मोजून सांगते.