हिस्सा विकला गेला, आता उरला एक महिना

उरण तालुक्यातील एका वाचकांनी लिहिले आहे की, त्यांचे वडील मृत्युपत्र न करता वारले, घर आणि मागची वाडी दोन भाऊ व एक बहीण यांच्या नावे लागली आणि डोंबिवलीस राहणाऱ्या धाकट्या भावाने आपला एक-तृतीयांश हिस्सा परस्पर एका बाहेरच्या विकासकास विकला. खरेदीखत नोंदवून अकरा महिने झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि लोकल उरणपर्यंत धावू लागली, तेव्हापासून याच आशयाची पत्रे सातत्याने येत आहेत.

भावास विकण्याचा अधिकार होता का, या प्रश्नावर आपण पत्राची दोन पाने खर्च केली आहेत. स्वतःचा अविभक्त हिस्सा तो विकू शकतो. मात्र हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे, वर्ग एकच्या, म्हणजे मुले, पत्नी, आई अशा सर्वांत जवळच्या, वारसांपैकी एकजण वारशाने आलेला आपला हिस्सा विकू लागला, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क उरलेल्या वारसांचा असतो. हे कलम शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे वाडीपुरतीही अडचण नसावी. विक्री पूर्ण झाल्यावरही हा हक्क सांगता येतो, असे न्यायालयांनी सामान्यतः मानले आहे.

आपल्या प्रकरणाचा निकाल मुदतीवर लागणार आहे. असा दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घेतला असेल, तर वर्ष त्या दिवसापासून मोजले जाते; अविभक्त हिश्श्याचा ताबा देताच येत नसल्याने ते खरेदीखताच्या नोंदणीपासून मोजले जाईल, असे धरूनच आपण चालावे. अपील किंवा अर्जास झालेला विलंब न्यायालय माफ करू शकते, दाव्यास झालेला नाही. वकिलामार्फत नोटीस पाठवल्याने, भावाशी बोलणी सुरू राहिल्याने किंवा गणपतीत सगळे गावी येतील तेव्हा बसून ठरवू म्हटल्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. फेरफाराची, म्हणजे मालकीच्या नोंदीतील नावबदलाची, नोटीस आपण सही करून घेतली आणि कपाटात ठेवली, असे आपणच लिहिता. ती वेळीच वाचली असती, तर हा सल्ला दहा महिन्यांपूर्वी देता आला असता.

तेव्हा आजच दुय्यम निबंधकांकडून खरेदीखताची प्रमाणित प्रत घ्यावी, नोंदणीची तारीख पाहावी आणि दावा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. दाव्यासोबत मनाई हुकमाचा अर्ज करावा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधकांकडे नोंदवावी, कारण स्थानकाजवळचा असा हिस्सा पुढे विकला जाण्यास फार काळ लागत नाही. किंमत पटली नाही, तर ती न्यायालय ठरवते. पण ती देण्याची ऐपत आपल्याजवळ असली पाहिजे, आणि निकालास लागणारी वर्षे धरता भाव तोवर कुठे असेल हे मी सांगणार नाही. बहिणीचा हक्क आपल्याइतकाच आहे, तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित नसून आजोबांकडून आलेली असल्यास कलम २२ कितपत लागू पडेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तसे झाले आणि हा मार्ग बंद झाला, तरी कुटुंबाच्या राहत्या घरात संयुक्त ताबा मागण्याचा हक्क बाहेरच्या खरेदीदारास नसतो, आणि त्याने वाटपाचा दावा लावल्यास त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या मूल्याने घेण्याची तयारी आपल्याला दाखवता येते. वाडीस हे संरक्षण मिळेलच असे नाही.

मागच्या दोन खोल्यांतील भाडेकरूंना खरेदीदार निघून जाण्यास सांगत आहे, असेही आपण कळवले आहे. केवळ हिस्सा विकत घेतल्याने त्याला तसे करता येत नाही. मात्र त्यांच्याशी केलेला करार आपण साध्या कागदावर लिहिला असून नोंदवलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तेथे लागू असल्यास ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे आपली होती, आणि ती न केल्यामुळे अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूंचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल.