युरिया नीट उतरत असताना डायलिसिसमध्ये प्रथिनांचे विश्लेषण कशासाठी?

आपल्या वडिलांचे हिमोडायलिसिस बरीच वर्षे सुरू आहे, युरियाचे रिपोर्ट समाधानकारक आहेत, तरी रात्री हातांना मुंग्या येतात. अशा वेळी प्रथिनांच्या विश्लेषणाचा काही उपयोग होतो का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, प्रथिने ओळखण्याचे काम करतो. त्यामुळे मुंग्यांचे निदान नेफ्रॉलॉजिस्टनीच करावे.

युरियाचा रेणू जेमतेम ६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) असतो आणि तो डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, पडद्यातून सहज निसटतो, म्हणून तो उतरला एवढ्यावरून मोठे रेणूही उतरले असे म्हणता येत नाही. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन सुमारे ११,८०० डाल्टनचे आहे आणि जुन्या सेल्युलोजच्या पडद्यातून ते जवळजवळ जातच नसे. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या मनगटात नस दाबणारा जो पदार्थ साचतो, त्यातील प्रथिन वेगळे करून आणि त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम जुळवून ते हेच असल्याचे जपानमधील फुमिताके गेज्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले. मोठ्या छिद्रांच्या हाय-फ्लक्स डायलायझरची गरज त्यामुळे अधिक ठळक झाली.

माझ्या मते सर्वांत बोलका नमुना रक्ताचा नसून वापरलेल्या डायलायझरचा असतो. लाली जाईपर्यंत तो सलाईनने धुतात, मग पोकळ तंतूंमधून अ‍ॅसिटिक आम्ल फिरवून चिकटलेली प्रथिने सोडवून घेतात, ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने त्यांचे तुकडे करतात आणि तुकड्यांच्या वस्तुमानावरून मूळ प्रथिन ओळखतात. पॉलिसल्फोन या प्लास्टिकच्या पडद्यावर अशा रीतीने फायकोलिन-२ हे प्रथिन सापडले आहे. ते कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातील संरक्षक प्रथिनांची, साखळी जागी करते, म्हणजे पडदा शरीराला परका वाटतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एकच डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात आणि तंतूंच्या आतील पोकळीचे आकारमान मूळच्या ८० टक्क्यांखाली गेले की तो बाद करतात. पण त्या मापात पृष्ठभागावर काय चिकटून राहिले आहे ते दिसत नाही.

छिद्रे हवी तेवढी वाढवता येत नाहीत, कारण मग सुमारे ६६,५०० डाल्टनचे अल्ब्युमिन हे रक्तातील गरजेचे प्रथिनही वाहून जाऊ लागते. हिमोडायाफिल्ट्रेशनमध्ये पाण्याच्या ओघाबरोबर मोठे रेणू ओढून काढतात. युरोपातील १,३६० रुग्णांच्या कॉन्व्हिन्स चाचणीत (२०२३) या पद्धतीने मृत्यूचे प्रमाण १७.३ टक्के, तर नेहमीच्या हाय-फ्लक्स डायलिसिसने २१.९ टक्के आढळले. मात्र त्यात प्रत्येक सत्रात किमान २३ लिटर पाणी असे ओढून काढण्याचे लक्ष्य होते आणि ते गाठण्यासाठी फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली धमनी-शिरेची जोडणी) चांगला चालावा लागतो.

शेकडो प्रथिनांच्या याद्या छापून येतात, पण त्यांतली फारच थोडी रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली आहेत. त्यामुळे अशी तपासणी करून घेण्यासाठी धावपळ करू नका. डायलायझर हाय-फ्लक्स आहे का, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनची रक्ततपासणी करावी का आणि मनगटाची नस तपासणे आवश्यक आहे का, हे तीन प्रश्न पुढच्या सत्राच्या वेळी डॉक्टरांना विचारा.