192 रुपयांचा दिवस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

जळगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि एका मुलीशी मनापासून जमलं, हे वाचून फार बरं वाटलं. पगार कुठे जातो कळत नाही म्हणतोस, तर आधी पगार मोजायची रीत बदलू. 16,000 हा आकडा विसर. चोपड्याला घरी 4,000, खोलीच्या वाट्याचे 2,500, मेसचे 3,000, पेट्रोल-रिचार्ज आणि किरकोळ 1,500 गेले की उरतात 5,000. महिन्याच्या हजेऱ्या 26. म्हणजे तुझा एक दिवस 192 रुपयांचा. हॉटेलात दोघांचं बिल 770 झालं, तर चार दिवस मशीनवर उभं राहिल्याचे पैसे त्या टेबलावर गेले. जेवण चार दिवसांचं आहे असं वाटलं तर खुशाल जेव. न वाटता गेलेल्या पैशाचंच दुःख असतं.

तुझ्या घरी कापूस विकल्यावर काय होतं ते आठव. आधी कृषी केंद्राची उधारी, मग सोसायटीचा भरणा, मग घरचं कार्य, आणि नवा कपडा सगळ्यात शेवटी. वर्षातून एकदा आलेला पैसा पुढच्या मृगापर्यंत पुरवायचा असतो, म्हणून ते वळण पडलं. तुला दर महिन्याला पैसा येतो, पण क्रम तोच ठेव. पगार जमा झाला त्याच दिवशी 1,000 पोस्टाच्या आरडीत टाक (म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव; ती 100 रुपयांपासून उघडते, मुदत 5 वर्षं) आणि 1,500 वेगळ्या बचत खात्यात. या खात्यात तीन महिन्यांचा बांधील खर्च, म्हणजे 33,000 साठेपर्यंत त्याला हात लावू नकोस. नोकरी सुटली किंवा घरी दवाखाना निघाला, तर कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

उरले 2,500. त्यातले 1,000 तुम्हा दोघांचे. ते पहिल्याच दिवशी यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे फोनमधल्या पिनशिवाय चालणाऱ्या छोट्या पाकिटात भर, आणि ते संपत आलं की खात्यातून आपोआप भरण्याची सोय बंद ठेव. हे मुद्दाम सांगतो, कारण चहाचे 40, पाणीपुरीचे 60, पार्किंगचे 20 असे पैसे स्कॅन करताना जाणवतच नाहीत. शिल्लक डोळ्यांसमोर कमी होत गेली की हात आपोआप आवरतो. 20 तारखेला संपले, तर उरलेले दहा दिवस मेहरूण तलावावर फिरा. तिथल्या संध्याकाळीला पैसे पडत नाहीत.

क्रेडिट कार्डाचं विचारलंस. पूर्ण बिल भरता येत असेल तरच घे. समज, 10,000 थकले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. व्याज 350, त्यावर 18 टक्के जीएसटी 63, मिळून 413. तू ‘किमान रक्कम’ म्हणून 500 भरलेस, तर मुद्दलात गेले फक्त 87. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. तिच्यासाठी घेतलेला ड्रेस वर्षभर फेडत बसलास, तर त्या ड्रेसकडे बघून तुला तिचाच राग येऊ लागेल. हे फार वाईट असतं.

‘बिनव्याजी’ हप्त्याचा फोनही तसाच तपासून घे. रोख घेतला तर किती, हे आधी विचार. बऱ्याचदा रोखीची सूट तिथे सोडावी लागते. प्रोसेसिंग फी वेगळी. खात्यात पैसे नसताना हप्ता आला, तर तुझी बँकही दंड घेते आणि कर्ज देणारी कंपनीही, आणि सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग राहतो तो वेगळाच.

आता जरा अवघड गोष्ट. तिच्याशी पैशाबद्दल बोल. पुरुषाने नेहमी पैसे द्यायचे, या खोट्या मानापायी मुलं कर्जात जातात आणि मुलीच्या मनावर नको तो भार चढतो. ती अजून बी.एड. करते, तर एकदा तू जेवण दे, एकदा ती चहा पाजेल. तो चहा नाकारू नकोस, तिच्या 30 रुपयांचाही मान असतो. उद्या ती कमवायला लागली आणि तिला 24,000 मिळाले, तर निम्मं-निम्मं न करता तुझे दोन वाटे, तिचे तीन असं ठरवा. ठरवणं हॉटेलात शिरण्याआधी व्हावं, बिल आल्यावर नाही.

तीन गोष्टी मात्र प्रेमातही करायच्या नाहीत. यूपीआयचा पिन एकमेकांना सांगायचा नाही. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर कर्ज काढायचं नाही. आणि जामीन राहायचं नाही, तिच्या भावाच्या गाडीसाठीसुद्धा. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्याला गाठून मग तुझ्याकडे येईल असं नाही, थेट तुझ्याकडे येऊ शकते. हातउसने द्यायची वेळ आली, तर गेले तरी चालतील एवढेच दे आणि रक्कम-तारीख एका मेसेजमध्ये लिहून ठेव. अविश्वास म्हणून नव्हे, दोघांनाही आठवावं म्हणून.

वाढदिवसाला अंगठी द्यायची म्हणतोस. जळगावात राहून सोन्याचा मोह व्हायचाच, पण सराफ बाजारात पाय ठेवण्याआधी हे गणित बघ. सोनं 20,000 चं, घडणावळ 12 टक्के म्हणजे 2,400, एकूण 22,400 वर 3 टक्के जीएसटी 672. बिल 23,072. उद्या मोडायला नेलीस तर त्याच भावातही वरचे 3,072 परत येत नाहीत. म्हणून भाव विचारायच्या आधी घडणावळ विचार. खडा असेल तर बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घे, नाहीतर खडा सोन्याच्या भावाने विकत घेशील. हॉलमार्कमध्ये बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, 22के916 ही शुद्धता आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक, तिन्ही बघ. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकून तपासता येतो. दोन ग्रॅमखालच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि तुझ्या बजेटमधली अंगठी नेमकी त्यातच बसेल. त्यामुळे तिथे जास्त जपून.

माझं विचारशील तर यंदा अंगठी राहू दे. वाढदिवस जानेवारीत आहे, भरताच्या ऐन मोसमात. शेतात चार मित्र-मैत्रिणी बोलाव आणि भरीत-पुरीचा बेत कर. वांगी हिरवी, मोठी आणि आकाराच्या मानाने हातात हलकी लागणारी निवड. जड वांग्यात बी जास्त निघतं. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाज, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, हिरव्या मिरचीबरोबर ठेच, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या मात्र आईकडून शिकून घे, पहिल्याच खेपेला जमत नाहीत.