निवृत्तीनंतर वडिलांच्या दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च विम्यातून मिळतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत, बीपी, शुगर आणि थायरॉईड मिळून महिन्याला साडेतीन हजारांची औषधं लागतात, आणि एजंट म्हणतो पाच लाखांची पॉलिसी घ्या, ‘सगळं कव्हर’ होतं. सही करण्याआधी एवढं वाचा. त्या ‘सगळ्यात’ रोजची गोळी बहुतेक वेळा बसत नाही.

आपल्याकडचा मेडिक्लेम हा मुळात दवाखान्यात भरती होण्याचा विमा आहे. औषधांचे पैसे मिळतात ते भरती असतानाचे, आणि त्याच आजारासाठी भरतीच्या आधी साधारण ३० दिवस व सुट्टी झाल्यावर ६० दिवस लागलेल्या औषधांचे. काही पॉलिसींत हे दिवस जास्त असतात. माझ्या साडूंची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा नंतरच्या दोन महिन्यांच्या हृदयाच्या गोळ्यांचे पैसे मिळाले, पण त्याच बिलातली थायरॉईडची गोळी कापली गेली. तिचा त्या भरतीशी संबंध नव्हता. शिवाय दोन बिलांना चिठ्ठीच जोडली नव्हती, तीही परत आली. तेव्हापासून आमच्या घरी डॉक्टरांची तारखेची चिठ्ठी आणि पेशंटच्या नावाचं पक्कं बिल टाचणी लावूनच फाईलमध्ये जातं.

ओपीडीचा, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचा, वेगळा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) मिळतो. पण हिशेब मांडून बघा. तुमची औषधं वर्षाला ४२,००० रुपयांची. समजा रायडरची मर्यादा १०,००० आहे आणि त्यासाठी हप्ता ६,००० ने वाढतो, तर हाती फार काही लागत नाही. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळही असू शकतो, म्हणजे तोवर त्या आजारांचे पैसे मिळत नाहीत. नियमानुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने. तुमच्या वडिलांचे तिन्ही आजार आधीपासूनचेच आहेत. म्हणून बीपी-शुगर फॉर्मवर लपवू नका, एजंटने सांगितलं तरी नाही.

वडील कुठून निवृत्त होताहेत हे मात्र तुम्ही लिहिलं नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

मी केंद्र सरकारच्या खात्यातून २०१८ साली निवृत्त झालो. नागपुरात सीजीएचएस, म्हणजे केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची आरोग्य योजना, आहे. माझ्या पगाराच्या लेव्हलला (७ ते ११) महिन्याला ६५० रुपये लागत होते, म्हणजे दहा वर्षांचे ७८,००० एकरकमी भरले की कार्ड आयुष्यभराचं. हातात रक्कम आली होती तेव्हाच भरून टाकले, आणि निवृत्तीनंतर घेतलेला हा माझा सगळ्यात चांगला निर्णय असं मी मनापासून म्हणतो. बीपी-शुगरच्या गोळ्या डिस्पेन्सरीतून तीन महिन्यांपर्यंतच्या एकदम मिळतात. नसतील तर इंडेंट (मागणी) लावतात आणि त्या अधिकृत केमिस्टकडून येतात. फेरी पडते, पण पैसे पडत नाहीत. एक गोष्ट मात्र आहे. कंपनी बदलली की गोळीचा रंगही बदलतो. सौ.ने एकदा भीतीने आठवडाभर गोळीच घेतली नव्हती. आता प्रत्येक गोळीतल्या औषधाचं मूळ नाव कागदावर लिहून डब्याला चिकटवलंय.

रेल्वे आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) निवृत्तांसाठी त्यांच्या स्वतःच्या वैद्यकीय योजना आहेत. त्यांचा अर्ज निवृत्तीच्या कागदपत्रांसोबतच करून टाकावा, मागाहून धावपळ होते.

खासगी कंपनी असेल तर ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेला प्रतीक्षा काळ मोजला जातो. हे एजंट सांगत नाहीत. वडील नोकरीवर आहेत तोवर एचआरकडून पॉलिसीची प्रत घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

सत्तरीनंतर सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ऑक्टोबर २०२४ पासून. तेही भरतीसाठीच. आणि सीजीएचएसवाल्यांना दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं, तेव्हा कार्ड काढायच्या शिबिरात घाईने अंगठा लावू नका.

मग रोजच्या गोळीचं काय? पदरचा खर्च असेल तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा. ब्रँडेडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त, असं सरकार सांगतं. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन तिथे मिळतं. थायरॉईडच्या गोळीची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, तिथे थोडा फरकही जाणवू शकतो. वडील साठीचे असतील आणि त्यांच्या नावावर कुठलाच आरोग्य विमा नसेल, तर प्राप्तिकर मोजताना औषधांचा खर्च (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डी) ५०,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा होतो. जुनी करप्रणाली हवी, आणि पैसे रोख दिलेले नकोत. तुम्ही भरत असाल तर तुमच्या उत्पन्नातूनही चालतं. त्यामुळे केमिस्टला यूपीआयने पैसे द्या.

एवढं सगळं असलं तरी भरतीचा विमा सोडू नका. एका आयसीयूच्या बिलात कित्येक वर्षांच्या गोळ्यांचे पैसे जातात.

वडिलांचं ऑफिस कोणतं ते कळवा. केंद्राचं असेल तर सीजीएचएसचा फॉर्म भरताना कुठे अडलं तर विचारा, मी नागपुरातच आहे.