स्क्लेरोडर्माच्या क्रीमची ट्रायल, नाव द्यावं का?

प्रश्न: ताई, आईला स्क्लेरोडर्मा आहे, बोटांची कातडी इतकी ताठ झालीय की मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणाले नवीन क्रीमची ट्रायल आहे, नाव देऊ का? – एक वाचक, दादर

उत्तर: द्या की, पण आधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद आहे का ते बघा आणि सहीचा फॉर्म मराठीत मागून घ्या. काहींना औषध नसलेलं साधं क्रीमच मिळतं, ते हवंच, कारण ही कातडी कधीकधी आपोआपही मऊ होते मग क्रीमचा गुण कळणार कसा. तपासताना चिमटीत धरून 17 जागा बघतात, प्रत्येकीला 0 ते 3 मार्क, जास्त म्हणजे आजार जास्त. आणि प्लीज, क्रीम फक्त कातडीसाठी, आजार आतल्या अवयवांनाही धरू शकतो, म्हणून फुफ्फुसं-किडनीच्या तपासण्या आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका! नको वाटलं तर आई कधीही बाहेर पडू शकतात.