शाबानच्या पंधराव्या रात्रीविषयी

बेटा,

अस्सलामु अलैकुम.

शब-ए-बरातच्या, म्हणजे शाबानच्या पंधराव्या रात्रीच्या, शंभर रकातींच्या (नमाजच्या आवर्तनांच्या) खास नमाजवरून चाचांशी तुझा वाद झाला आणि तेव्हापासून अबोला आहे, हे वाचून वाईट वाटलं.

मसला (धर्मनियमाचा प्रश्न) म्हणशील तर तुझं बरोबर आहे. अशी खास नमाज शरियतने नेमून दिलेली नाही. दर रकातीत दहा वेळा सूरह इखलास (कुरआनचा एक छोटा अध्याय) पढायची ही नमाज हिजरी 448 मध्ये बैतुल मुकद्दसमध्ये (जेरुसलेममध्ये) सुरू झाली, अशी नोंद जुन्या आलिमांनी केली आहे. म्हणजे पैगंबरांनंतर (स.) चार शतकांहून अधिक काळाने. आपण कोकणातले लोक शाफई, आणि शाफई मजहबचे (धर्मनियमांच्या परंपरेचे) थोर इमाम नववी यांनीच तिला बिदअत, म्हणजे धर्मात मागाहून घातलेली नवी गोष्ट, म्हटलं आहे. ‘रात्री इबादत करा, दिवसा रोजा धरा’ ही इब्न माजा या हदीससंग्रहातली रिवायतही (पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं वचन) टिकत नाही. तिच्या एका रावीवर (ती सांगणाऱ्यावर) हदीस रचल्याचा आरोप आहे.

पण म्हणून त्या रात्री जागणाऱ्या प्रत्येकाला गुमराह ठरवायला निघू नकोस. शामचे (सीरियाकडचे) ताबिईन, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांनंतरच्या पिढीतले, मकहूल आणि खालिद इब्न मअदान त्या रात्री इबादत करत. हिजाजच्या (मक्का-मदिनेकडच्या) आलिम अतांना ते मान्य नव्हतं. बिदअतीबाबत इतके कडक असलेले आलिम इब्न तैमिया, त्यांनीही एकट्याने केलेल्या इबादतीला हरकत घेतली नाही. मशिदीत जमाव करून ठराविक नमाज पढण्याला घेतली. एवढ्या मोठ्या माणसांत मतभेद राहिला, तो तू चाचांच्या ओटीवर मिटवायला गेलास.

या रात्रीबद्दलची जी रिवायत अनेक सनदी (सांगणाऱ्यांच्या साखळ्या) मिळून बळकट होते, असं अल्बानींसारखे मुहद्दिस (हदीसचे जाणकार) म्हणतात, ती मात्र नीट वाच. अल्लाह त्या रात्री आपल्या मखलूककडे (निर्मितीकडे) पाहतो आणि सर्वांना माफ करतो. वगळतो फक्त शिर्क करणाऱ्याला (अल्लाहच्या जोडीला दुसरा मानणाऱ्याला) आणि मनात वैर धरणाऱ्याला. तिच्यात रकातींचा आकडा नाही, वैराचा उल्लेख आहे. मला तुझी काळजी वाटते ती इथे.

जागायची हौस असेल तर रमजानचे शेवटचे दहा दिवस आहेत. त्यांतली लैलतुल कद्रची रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ, हे खुद्द कुरआन सांगतं. ती विषम रात्रींत शोधायला सांगितली आहे; आपल्याकडे मात्र सत्ताविसावीला मशीद भरते आणि एकविसावीला सफा (नमाजच्या रांगा) रिकाम्या राहतात. त्या रात्रीसाठीही रकाती ठरवलेल्या नाहीत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी (र.) विचारलं तेव्हा पैगंबरांनी (स.) माफी मागण्याची एक छोटी दुआ शिकवली.

तर आज चाचांना फोन कर. मसल्याचा विषय काढू नकोस, तब्येत विचार. ईशा (रात्रीची) आणि फज्र (पहाटेची) नमाज जमातीने, सर्वांबरोबर पढ. या दोन्ही जमातीने पढणाऱ्याला रात्रभर नमाज पढल्याचं सवाब (पुण्य) मिळतं, हे सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. चाचींनी हलवा पाठवला तर परत करू नकोस.

दुआगो,
तुझे मामा